उस्तिन्याचे डोळे
उस्तिन्याला कुणी नुसतं "बरी आहेस ना?" विचारलं, तरी आधी ती त्याच्या बुटांकडे बघायची. चिखल कुठल्या रस्त्याचा, ते कळायला हवं ना! नवरा ओंडके वाहून नेताना नदीत बुडाला, तेव्हापासून जवसाचं सूत कातून तिनं एकटीनं लेकाला, येव्सेयला, वाढवला. त्याला पलटणीत ओढून नेलं. आता तो पळून आला होता आणि तीन आठवडे परसातल्या न्हाणीघरात लपला होता. सापडला तर पाठीचं कातडं सोलून सैबेरिया.

अशात गावाचा मुखिया नझार एका चित्रकाराला घेऊन दारात उभा.

"हे लाव्र कुझ्मिच. ह्यांना तुझं तोंड काढायचंय."

"माझं? गावातल्या बाकीच्या बाया मेल्या वाटतं?"

"त्यांची तोंडं सरळ आहेत. बस गपचूप."

उस्तिन्याच्या मनात पाल चुकचुकली. लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघायचे ह्याला पैसे देतं कोण? पण नाही म्हणावं तर नझारलाच वास यायचा. बसली बिचारी परसाकडच्या खिडकीशी.

लाव्र कुझ्मिचची अर्धी हयात देवाच्या तसबिरी रंगवण्यात गेली होती. तसबिरींच्या कारखान्यात वस्त्रं एकानं काढायची, तोंड दुसऱ्यानं, तेही सगळ्यात शेवटी. हा तोंडवाला. कारखाना सुटला तरी तोंड शेवटी काढायची खोड सुटली नव्हती.

"संतांचे डोळे ठरलेले असतात, मावशी," तो म्हणायचा. "माणसांचे नसतात. म्हणून सोडलं ते काम. आता दिसतं तेच काढतो."

दिसतं म्हणजे ह्याला काय काय दिसतं? तो विहिरीवर गेला की उस्तिन्या त्याची झोळी उपसायची. चिंध्या आणि बुरशी आलेला पाव! पोलिसाचा माणूस झोळीत बिल्ला ठेवील होय, असं म्हणून तिचा संशय उलट वाढायचा.

सात दिवसांत डोक्याचा रुमाल झाला, सदरा झाला, हात झाले. तोंडाच्या जागी नुसता कोरा कॅनव्हास. तिला जरा हायसं वाटलं. आठव्या सकाळी मात्र त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली, एका बैठकीत तोंड उरकलं आणि हात धुवायला विहिरीवर गेला.

उस्तिन्या चित्रासमोर आली. चित्रातली बाई भेदरून तिरकी खिडकीबाहेर बघत होती. त्या नजरेमागून आंधळासुद्धा न्हाणीघराशी पोचला असता! तिनं रंगाची सुरी उचलली आणि डोळे खरवडून काढले, मग नाकही.

तेवढ्यात पायरी वाजली. लाव्र कुझ्मिच आला आणि मागोमाग नझार, चित्र बघायला. उस्तिन्यानं सुरी ओच्यात दडवली.

"अरे, तोंड कुठाय?" नझारचे डोळे बारीक झाले. "कुणी पुसलं? काय होतं एवढं त्यात?" आणि तो सावकाश खिडकीकडे वळला.

संपलं सगळं. आपल्याच हातानं पोराचा घात केला, असं उस्तिन्याला वाटलं.

लाव्र कुझ्मिचनं तिच्या बोटांवरचा ओला रंग बघितला.

"मीच खरवडलं," तो म्हणाला. "साधलं नाही. नझार, उजेडातून बाजूला हो बघू. नाही तर बाहेरच जा."

"आठ दिवस माझ्या घरची अंडी चापली, आणि हे असं!" नझार तणतणत निघून गेला.

चित्रकारानं हात पुढे केला. तिनं सुरी दिली.

"सांगणार का हो कुणाला, साहेब?"

"काय सांगू? मी तोंडं काढतो, मावशी. न्हाणीघरं नाही काढत."

"मग आधी बोलायला जीभ झडली होती? आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही, मेल्या!" बोलता बोलता तिला रडू फुटलं.

"सरळ माझ्याकडे बघायला आठ दिवस लागले तुला," तो म्हणाला. "बस. पुन्हा काढू."

उस्तिन्यानं डोळे पुसले, स्टूल स्वतःच फिरवलं आणि खिडकीकडे पाठ करून बसली. तोंडावरचा सगळा उजेड गेला. लाव्र कुझ्मिचनं तसाच ब्रश उचलला.