पेनानं भरलेला जावई

माझ्या सासऱ्यांनी आठवडाभर दोन घरांचं दूध डेअरीला वाहिलं. त्याला मी जबाबदार आहे.

अधिक महिना होता, म्हणून सासरी, मार्गासनीला, धोंड्याचं जेवण होतं. (या महिन्यात जावयाला विष्णूचा दर्जा असतो. बाकीचे महिने तो भोरच्या बँकेत कारकून असतो.) मामा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर पेन्सिल घेऊन रविवारचं शब्दकोडं सोडवत होते. त्यांची शेजारच्या तात्यांशी पैज होती. ज्याचं कोडं संध्याकाळी चुकेल, त्यानं आठवडाभर दोघांच्याही किटल्या डेअरीला न्यायच्या.

"एकच घर ऱ्हायलंय पाव्हणं," असं म्हणून मामा जेवणानंतर आडवे झाले. पेपर माझ्या हाती आला.

'मुलीचा नवरा, तीन अक्षरी.' पहिलं घर रिकामं. पुढं मामांनी 'मा' आणि 'त' लिहिलेलं.

मला हसू आलं. खुद्द जावई समोर बसलेला असताना माणसानं अडावं? मामांची दोन्ही अक्षरं खोडून मी पेनानं ठसठशीत 'जावई' लिहिलं.

त्यामुळं वरून खाली येणाऱ्या 'मासोळी'ची 'वसोळी' झाली. कोकणात असेल असा मासा, असं मी ठरवलं. 'पर्वत' होता, त्याचा 'पर्वई' झाला. वेल्ह्याकडं डोंगरांना काय तोटा? असेल एखादा. मग पेपर नीट घडी करून मीही आडवा झालो.

संध्याकाळी तात्या आले. दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले गेले.

"बापूराव, ही वसोळी कंच्या धरणात घावली?"

मामांनी पेपरकडं पाहिलं. मग माझ्याकडं. माझ्या खिशाला पेन होतं.

"गुंजवणीत," मामा म्हणाले.

"आन् पर्वई?"

"तिच्याच वरच्या अंगाला."

"आरं, 'जामात' हाय ते. जुन्या पोथ्यांत जावयाला जामात म्हणत्यात. एवढं येत न्हाई व्हय तुला?"

"न्हाई आठवलं," मामा म्हणाले.

म्हणजे त्यांना फक्त 'जा' हवा होता. तेवढा मी बरोबर लिहिला होता!

तात्या गेल्यावर मी हळूच म्हणालो, "मामा, किटल्या मी नेतो."

"छ्या. अधिकात जावयाला कामाला लावलं तर गाव काय म्हणंल? तुमी अनारसे खावा."

मी खाल्ले. बायकोनं परतीच्या वाटेवर माझ्या खिशातलं पेन काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

अधिक महिना संपला आणि दुसऱ्याच दिवशी मामांचा फोन आला. "पाव्हणं, माजा हप्ता भरला. आता तुमचा. किटल्या धुऊन ठिवल्यात."

रजा टाकून गेलो. डेअरीवर मापाला उभ्या असलेल्या माणसानं माझ्या कपड्यांकडं पाहून विचारलं, "बापूराव, नवा गडी ठिवला का काय?"

"न्हाई," मामा म्हणाले, "जामात हायेत."

मी दोन्ही किटल्या खाली ठेवल्या. या वेळी तिन्ही घरं बरोबर भरली होती.