बढतीची परीक्षा

भूल देणं हा माझा धंदा. पंचवीसेक वर्षं मी विलायतेतल्या हॉस्पिटलांत लोकांना भूल दिली आणि वेळेवर शुद्धीवरही आणलं. त्याबद्दल माझ्याविरुद्ध कधी कोणाची तक्रार आली नाही. आईला दिली ती मात्र वेगळी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी ब्रिटिश नागरिकत्वासाठी अर्ज केला आणि ही गोष्ट, माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर जेवणाऱ्या आईपासून जवळजवळ वर्षभर लपवून ठेवली. आठवलं की अजूनही मान खाली जाते, खोलीत दुसरं कोणी नसलं तरी.

वडील गेल्यावर आईला कराडहून मिल्टन कीन्सला आणताना मी तिला शब्द दिला होता. दोन वर्षं चल, मग आपण सगळेच परत येऊ. त्या शब्दावर ती आली. दोनाची चार वर्षं झाली, चाराची सात. दरवर्षी माझ्याकडे नवं कारण तयार असे. आधी नोकरी पक्की होऊ दे, मग मुलीची प्रायमरी संपू दे. आई नुसतं "बरं" म्हणायची. भेटेल त्याला मात्र ठासून सांगायची, आमचं इथलं काही कायमचं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सांगायची, शेजारच्या इंग्रज बाईंना सांगायची, पोस्टाच्या दुकानातल्या गुजराती मालकालाही सांगायची. "टू इयर, देन गोइंग," हे तिचं इंग्रजीतलं पहिलं अस्खलित वाक्य होतं.

माझ्या मनातून परत जाणं केव्हाच पुसलं गेलं होतं. नक्की कधी, ते मलाही सांगता येणार नाही. मुलगी इथे जन्मली म्हणून जन्मतःच ब्रिटिश होती. तिच्या शाळेची फ्रान्सची ट्रिप निघाली की तिची बॅग पाच मिनिटांत भरून व्हायची, आणि आम्हाला चार दिवस कॉन्फरन्सला जायचं तर व्हिसासाठी उभं राहायचं. बायको त्याला कंटाळली होती, मीही कंटाळलो होतो. ठरलं असं की आधी मी अर्ज करायचा, मग तिने. अर्जात एक अट होती की यापुढे आपलं मुख्य घर ह्याच देशात ठेवायचा इरादा हवा. मी त्याखाली सही केली. ती सही खरी होती आणि आईला दिलेला शब्द खोटा होता. दोन्ही एकाच माणसाचे.

चौकशीला पोलिसांचा एक अधिकारी घरी येईल, असं पत्र येणार होतं. तो काय विचारतो हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. आजच्यासारखं तेव्हा परीक्षेचं पुस्तक नव्हतं. वॉटफर्डला माझा एक मित्र होता, मुलांचा डॉक्टर, त्याचं काम नुकतंच झालं होतं. त्याने फोनवर भली मोठी यादी दिली: पंतप्रधान ओळीने, नद्या, काउंट्या, पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांत कोण कुठे बसतं, सहा बायका केलेल्या राजाच्या बायका क्रमाने. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण परीक्षा म्हटली की आपल्या लोकांचं डोकं पाठांतराकडेच धावतं, आणि मी तर त्याच जोरावर डॉक्टर झालेला.

रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात माझी उजळणी चालायची. बायको पोळ्या लाटता लाटता प्रश्न विचारायची, मी ओट्याला टेकून उत्तरं द्यायचो. आई टेबलाशी मेथी निवडत बसलेली असायची. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, एवढा कसला रे अभ्यास या वयात? माझ्या तोंडून निघून गेलं, बढतीची परीक्षा आहे. साहेब घरी येऊन तोंडी घेणार आहेत. बायकोचं लाटणं थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लाटायला लागली. त्या रात्री ती म्हणाली, "अहो, हे तुम्हीच निस्तरा. मला त्यात ओढू नका." पण ओढली गेलीच. मुलीलाही मी दटावून ठेवलं. ती दहा वर्षांची, मराठी तिचं अडखळत. "बाबा, पण आजीला खोटं कशी सांगायची?" असं तिने विचारलं, तेव्हा मी म्हणालो की खोटं नाही, सरप्राइज आहे. तिचा विश्वास बसला नाही, हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

गंमत अशी की आमच्या तिघांत सगळ्यात हुशार विद्यार्थी निघाली ती आई. ऐकून ऐकून तिला निम्मी यादी पाठ झाली. मी नद्यांत अडकलो की ती मेथीतून मान वर न करता "ट्रेंट" म्हणायची. राजाच्या सहा बायकांपैकी कोणाचं मुंडकं उडवलं हे तिच्या बरोबर लक्षात राहिलं. "आणि हे लोक आपल्याला सुधारणा शिकवायला आले होते," असं म्हणून ती खुदकन हसली. मी हसलो आणि बायकोला पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं. माझ्या बढतीसाठी तिने संकष्टी धरली. एरवी तिला उपास सोसायचा नाही, पित्त व्हायचं. पण चंद्र कितीला उगवतो ते बघायला पडद्याआडून ढगाळ आकाशाकडे ती बघत राही. जी गोष्ट मिळाली की तिचं परत जाणं संपणार होतं, तीच गोष्ट ती देवाकडे मागत होती, आणि मी समोर बसून वरणभात जेवत होतो. तिला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मला अधिकाऱ्याची भीती नव्हती, तिला कळल्यावर तिचा चेहरा कसा होईल याची होती.

पत्र आलं, मार्चातला एक मंगळवार ठरला. दोन दिवस आधीपासून आम्ही घरात फोडणी बंद केली, कपड्यांना वास राहू नये म्हणून. आईला सांगितलं, साहेबाला हिंगाची ऍलर्जी आहे. "मोठे नाजूक दिसतात साहेब," ती म्हणाली आणि दोन दिवस उकडलेले बटाटे आणि ब्रेड मुकाट्याने खाल्ला. आता उरली होती ती स्वतः. ती घरात असली आणि अधिकाऱ्याने नमस्कार चमत्कार करता करता काही विचारलं, तर तिचं ते ठरलेलं वाक्य येणार, "टू इयर, देन गोइंग," आणि माझी सही खोटी पडणार. म्हणून मंगळवारी सकाळी मी तिला सांगितलं की साहेबासमोर तुला अवघडल्यासारखं होईल, तू आपली बसने शॉपिंग सेंटरला जा, बाकावर बस, दोन तासांनी ये. नातीबरोबर ती तिकडे कितीदा गेली होती. पातळावर कोट चढवला, लोकरी टोपी घातली, आणि दारातून वळून मला म्हणाली, "घाबरू नकोस. सगळं येतंय तुला."

अकराची वेळ होती. साडेअकराला दाराची बेल वाजली. दारात साध्या कपड्यांतला एक तरुण पोलीस अधिकारी उभा होता, आणि त्याच्या मागे, टोपी हातात धरून, आई.

त्याने हसत हसत सगळं सांगितलं. आमच्या वस्तीत एकसारखी वळणं, एकसारखी घरं, त्यामुळे तो चक्क तीनदा त्याच राउंडअबाउटला परत आला होता. शेवटी बस स्टॉपवर ही बाई एकटी कुडकुडताना दिसली. त्याने गाडी थांबवून पत्त्याचा कागद दाखवला, तर पत्ता तिच्याच घराचा. बस चुकली होती आणि पुढची यायला वेळ होता. म्हणून त्याने तिला गाडीत बसवून घेतलं आणि तिने "लेफ्ट, लेफ्ट, ब्राउन डोअर" करत त्याला थेट आणून पोचवलं. तुमच्या आई फार गोड आहेत, तो म्हणाला. वाटेत त्या मला सांगत होत्या की मुलगा चांगला डॉक्टर आहे, त्याला बढती द्याच. मला त्यांना सांगावं लागलं की बढती माझ्या हातात नाही, मी तर त्यांच्या ब्रिटिश नागरिकत्वासाठी आलोय.

तो मनापासून हसला. बायको ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिली. आईने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. लहानपणी अंग गरम लागलं की ती जशी बघायची, तशी बघत होती. मग कोट काढून तिने खुंटीला लावला आणि बैठकीच्या खोलीत, कोपऱ्यातल्या तिच्या नेहमीच्या खुर्चीवर येऊन बसली. तिला आत जा म्हणायची माझी छाती नव्हती.

मुलाखत वीस मिनिटांत आटोपली. नदी नाही, काउंटी नाही, राजाची एकही बायको नाही. नोकरी कुठे, इथे किती वर्षं, कधी कोर्टकचेरी झाली का, पेपर कोणता वाचता, रविवारी काय करता. मी उत्तरं देत होतो आणि माझाच आवाज मला परका वाटत होता. वही मिटताना त्याने सहज, निव्वळ चांगुलपणाने, आईकडे वळून विचारलं की तुम्हाला आता कसं वाटतं, तुम्ही सगळे इथेच राहणार ना? त्याने ते सावकाश, तिला समजेल असं विचारलं.

मी डोळे कपबशीवर ठेवले. आता ते वाक्य येणार, आणि यायलाच हवं, असंही मला क्षणभर वाटलं. निदान कोणीतरी खरं बोलेल.

आईने पदर सारखा केला. "येस," ती म्हणाली. "हियर ओन्ली. माय सन, हिज हाउस हियर. ऑल स्टेइंग. नॉट गोइंग."

तिचं इंग्रजी एवढं लांबवर गेलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. अधिकारी उठला, तिच्याशी हात मिळवला, चहाचे आभार मानले आणि गेला.

दार लावून मी आत आलो. आई, मी तुला सांगणारच होतो, असं काहीसं बोलायला सुरुवात केली. तिने ते पुरं होऊ दिलं नाही.

"आता फोडणी टाकायला हरकत नाही ना?" तिने विचारलं आणि स्वयंपाकघरात गेली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिच्या मागोमाग गेलो आणि मोहरीच्या डब्याशी उभा राहिलो. कढईकडे बघतच ती म्हणाली, "विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं रे मी."

मी गॅस बारीक केला, जणू तेवढ्यासाठीच आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर तिचा एरोग्राम पडला होता. माझ्या धाकट्या भावाला, कराडला, ती पंधरवड्याला एक पत्र लिहायची आणि बाहेरच्या बाजूला इंग्रजीत पत्ता घालायला माझ्यासाठी उघडं ठेवायची. तिची पत्रं मी कधी वाचली नव्हती. त्या दिवशी वाचलं. तिने भावाकडे माझी तक्रार केली असेल, या भीतीने वाचलं, हेही सांगून टाकतो. नेहमीचे आशीर्वाद होते, थंडी होती, नातीच्या शाळेचं काहीतरी होतं. मग लिहिलं होतं: "दादाचं आता इथलं कायमचं होतंय. मी तिकडे राहायला येईन असं धरून चालू नका. माझी मागची खोली मुलांना अभ्यासाला द्या, ट्रंक माळ्यावर टाका. दादाला यावरून काही बोलू नकोस. त्याने अर्जाच्या आधी मला विचारलं होतं. मीच हो म्हणाले."

पेन माझ्या हातात होतं. शेवटची दोन वाक्यं खोडायला मी ते टेकवूनही पाहिलं. मग बाहेरच्या बाजूला पत्ता लिहिला, कडा चिकटवल्या आणि कामावर जाताना पेटीत टाकलं.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. भावाचा फोन येतो, जुन्या गोष्टी निघतात. दादा, तू तिला विचारून केलंस हे बरं केलंस, तिला त्याचं फार समाधान होतं, असं तो अजून म्हणतो. मी हं म्हणतो.