उष्टी डिस्क

मे महिन्यात नागपुरात गाडीच्या डिकीत औषधं, चॉकलेट आणि डिस्क ठेवायच्या नसतात. हा नियम आमच्या घरात नवऱ्याने केला होता. रविवारी मैदानावरून आलो की बूट काढायच्या आधी तो डिस्कची बॅग वर आणायचा. त्यामुळे त्या बुधवारी डिकी उघडल्यावर बॅग आतच दिसली तेव्हा मला वाटलं, विसरला. चेन उघडून पाहिलं तर सगळ्या डिस्क पापडासारख्या वाकल्या होत्या. एकीची कड लाटेसारखी झाली होती, दुसरीचा मधला भाग फुगला होता. गाडी हल्ली मीच चालवते आणि तो रोज त्याच गाडीत माझ्या शेजारी बसून खापरखेड्याला कामावर जातो. सोमवारी गेला, मंगळवारी गेला. बॅग मागे आहे हे त्याला पक्कं माहीत होतं.

डिस्क गोल्फ म्हणजे काय, हे मला अजूनही नातेवाइकांना सांगावं लागतं. ताटलीएवढी प्लास्टिकची चकती फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि शेवटी साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायची. जमिनीत खड्डा नसला तरी अशा प्रत्येक टप्प्याला होलच म्हणतात. आमच्या खेळणाऱ्या लोकांनी शहराबाहेरच्या वाडीच्या मागे, न विकलेल्या प्लॉटांच्या एका ले-आउटवर अशी नऊ होल मांडलीत. बास्केट जुन्या कूलरच्या स्टँडवर उभ्या केल्या आहेत आणि साखळ्या ट्रकच्या आहेत.

दिवाळीनंतर त्याचा उजवा हात मंदावला. आधी सही बारीक झाली, मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, हालचाल थांबू देऊ नका, एकदा घरात बसले की उठवणं कठीण जाईल. मी घरी येऊन तक्ता केला: गोळ्या, व्यायाम, चालणं, सगळं रकान्यांत. गोळ्या सोडल्या तर तो त्यातलं काहीच करत नव्हता. रविवारचा खेळ तेवढा तक्त्यात नसूनही चालू होता. माझी सगळी मदार त्या एका सकाळवर होती. ती गेली तर पुढे काय करायचं, हे मला सुचत नव्हतं, आणि मला न सुचण्याची सवय नाही.

संध्याकाळी मी बॅग त्याच्यासमोर ठेवली.

"सगळ्या वाकल्या," मी म्हणाले.

"वाकू दे. काहून वं, तुले खेळायच्या होत्या का?"

"नव्या घेऊ."

"कायले? बाभळीच्या होलवर माझी डिस्क आता नाल्यात पडते. दर वेळी पडते. माझा बाप म्हातारपणी मागावर बसायचा, तरी धोटा फेकताना हात हालला नाही त्याचा. अन् मी पाह्य." त्याने हात पुढे धरला. मी पाहिला नाही. मग तो म्हणाला, "एक घे. त्या होलपुरती. नाला पार झाला तर खेळू. नाही झाला तर हा विषय घरात काढायचा नाही."

बाभळीचं होल मी इतक्यांदा पाहिलंय की डोळे मिटून काढून दाखवीन. समोर कोरडा नाला, पलीकडे बाभळीचं झाड आणि झाडाच्या मागे डावीकडे बास्केट. उजवीकडे गोदामाची भिंत आणि तिच्यावर काटेरी तार. वारा समोरून येतो. साधी डिस्क समोरच्या वाऱ्यात उजवीकडे कलंडते आणि तारेपलीकडे जाते. म्हणून तिथे ओव्हरस्टेबल फेअरवे ड्रायव्हर लागते. ही मध्यम पल्ल्याची डिस्क वाऱ्याला जुमानत नाही, सरळ जाते आणि वेग कमी झाला की हमखास डावीकडे वळते. पण तो वेग हाताने द्यावा लागतो. मंद हाताने फेकली तर ती सुरुवातीपासूनच डावीकडे वळून खाली बसते. म्हणजे त्या होलला जी डिस्क हवी होती, तीच त्याच्या हाताला नको होती. हलकी, सरळ जाणारी घ्यावी तर वारा तिला गोदामात टाकणार. कडक घ्यावी तर नाला. मी दोन रात्री इंटरनेटवर डिस्कवरचे आकडे पाहिले. वेग, तरंगणं, सुरुवातीचा कल, शेवटचं वळण. त्याच्या हातासाठी कुठेच आकडा नव्हता.

शुक्रवारी मी वाडीला गेले. आमच्यातला एकजण तिथे ट्रान्सपोर्टचं काम करतो. खेळणाऱ्यांसाठी डिस्क मागवून तो आपल्या गोदामाच्या कॅबिनमध्ये ठेवतो. मी ओव्हरस्टेबल मागितली तसं त्याने पेन खाली ठेवलं.

"भाऊसाठी घेऊन राहिल्या का? वहिनी, राग नका मानू, पन हे त्याच्यानं उडनार नाही. याले झटका पाह्यजे."

"मग काय उडेल?"

"माझी जुनी उडंन. दोन उन्हाळे खेळलो तिच्यावर. कडा घासल्या का डिस्क मऊ होते, सरळ जाते. वारा तरी सोसते. पन ते घेनार नाही तो."

हे मलाही माहीत होतं. आमच्या मैदानावर नव्या डिस्कचा पहिला हात मालकाचा असतो. दुसऱ्या कोणी आधी फेकली तर ती उष्टी. लोक हसत हसत हे पाळतात, पण पाळतात. माझ्या नवऱ्याने तर सख्ख्या भावाने बक्षीस दिलेली डिस्कही परत केली होती, कारण भावाने ती गच्चीवर एकदा उडवून पाहिली होती.

"मला दोन्ही फेकून पाहू द्या," मी म्हणाले.

"नवीसुद्धा? मंग ते कोनी घेनार नाही, वहिनी."

"मी घेते."

"आन् तुम्ही कधी फेकली?"

"नाही फेकली. म्हणूनच."

गोदामाच्या मागे, टायरच्या ढिगांपलीकडे रिकामी जागा होती. ट्रकमधले दोन हमाल जेवण थांबवून बघत बसले. मी ओढणी कमरेला खोचली आणि नवी डिस्क सगळ्या ताकदीने फेकली. ती सुटली तशीच डावीकडे वळली आणि टायरांवर आपटली. पुन्हा फेकली, पुन्हा टायर. मग जुनी घेतली. ती सरळ गेली. फार लांब गेली नाही, पण सरळ गेली आणि अगदी शेवटी डावीकडे झुकली.

"बढिया!" हमाल ओरडले.

मी तिथेच उभी राहिले. गेल्या रविवारी त्याची डिस्क जशी पडली होती, अगदी तशीच माझी पडत होती. त्याचा हात आता माझ्या हाताएवढा झाला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा डिस्क फेकत होते आणि तो दिवाळीपर्यंत त्या मैदानावरचा सगळ्यात लांब फेकणारा होता. ट्रान्सपोर्टवाल्याला बहुतेक कळलं. मी नवीचे पैसे देऊन ती तिथेच सोडली, आणि त्याने जुनी डिस्क फडक्याने पुसून दिली.

लपवायचं मी ठरवलं नाही. त्याच्या अंगठ्याला घासलेली कड लगेच कळली असती. "उष्टी आहे," मी घरी सांगितलं. "ट्रान्सपोर्टवाल्यांनी दोन वर्षं फेकलीय, आणि आज मीपण फेकली." त्याने ती हातात फिरवली आणि टेबलावर ठेवली. शनिवारी दिवसभर ती तिथेच होती. आम्ही तिच्याभोवती ताटं मांडून जेवलो.

रविवारी तो ती डिस्क घेऊन निघाला. पहिली होल त्याने खेळलीच नाहीत, सरळ बाभळीकडे चालत गेला. वारा होता. बाकीचे लोक उगाच बाटल्या उघडत, घाम पुसत मागे थांबले. त्याचा हात मागे गेला, क्षणभर तिथेच अडकला आणि मग सुटला.

डिस्क सरळ गेली. वाऱ्यात हलली नाही. नाल्यावर पोचली, बाभळीच्या अलीकडे डावीकडे झुकली आणि पलीकडच्या काठाला लागली. तिथून मातीवरून घसरत परत नाल्यात.

"काठाले लागली गा!" ट्रान्सपोर्टवाला म्हणाला.

"नाल्यात आहे."

"काठाले लागून नाल्यात आहे."

"नाल्यात आहे म्हनलं ना." तो वळला आणि गाडीकडे चालू लागला.  मी आठवडाभर जे जे करता येईल ते केलं होतं आणि आता करण्यासारखं एकही काम उरलं नव्हतं.

"अबे, माझी डिस्क तं काढून दे!" ट्रान्सपोर्टवाला मागून ओरडला. "तुह्या घरचा नोकर आहो का मी? ज्यानं टाकली त्यानं काढावी."

तो थांबला. शिवी दिली आणि नाल्यात उतरला. मी मागून उतरले, कारण उतार सुट्या मातीचा होता. डिस्क त्याने उचलली, पण परत वर यायला निघाला नाही. जिथे पडते तिथून फेकायची, हा खेळच तसा. त्याने खालूनच फेकली. काठाला लागून परत आली. पुन्हा फेकली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा ती काठावर जाऊन पडली. तो हातापायांवर वर चढला, मी खालून पाठीला आधार दिला, त्याने तो झटकला. बास्केटपर्यंत अजून किती वेळा फेकली ते मी मोजलं नाही. साखळ्या वाजल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते बरं केलं.

परतताना गाडी मीच चालवली. डिस्क मागच्या सीटवर टाकली होती. घरी आलो, तो बूट काढून पंख्याखाली डोळे मिटून बसला. डिस्क गाडीतच होती.

मी स्वयंपाकघरात गेले. आमची गाडी कडुलिंबाखाली उभी असते. दुपार झाली की सावली सरकते आणि ऊन थेट मागच्या काचेवर येतं. मला फक्त खाली जाऊन ती आणायची होती. हात त्याच कामासाठी शिवशिवत होते. पण मी आणली असती तर ती माझी झाली असती. मी कणीक मळली. भाजी चिरली. खिडकीतून पाहिलं तर ऊन डिकीपर्यंत आलं होतं. मग काचेवर आलं. मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

मागे किल्ल्या वाजल्या. पाठोपाठ जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली, एक एक पायरी, कठड्याला धरून. बराच वेळ गेला. तो वर आला तेव्हा डिस्क त्याच्या डाव्या काखेत होती आणि उजवा हात कठडा सोडल्यावरही थरथरत होता.

"गाडी सावलीत लावत जा वं," तो म्हणाला. "किती सांगायचं."