काकांच्या खुणा

"छान झालं हो, छानच झालं!" कोणीही स्टेजवरून उतरलं की काका कॅमेऱ्यामागून मान बाहेर काढून एवढंच म्हणायचे. सूर हरवलेली बाई असो की शेवटची ओळ विसरलेला बाप, सगळ्यांना एकच माप. तोक्योजवळच्या ग्योतोकुतल्या आमच्या मराठी मंडळात काकांइतका गोड माणूस नाही, असं आम्ही एकमेकांना सांगत असू. तुमच्याकडेही असा एखादा असेल. त्याच्यावाचून कार्यक्रम होत नाही आणि त्याला जेवायला कोणी बोलावत नाही.

काका साठीला आलेले, एकटे, तोक्योत कंत्राटावर सॉफ्टवेअर टेस्टर. गणपतीच्या कार्यक्रमाचं शूटिंग, एडिटिंग आणि देशातल्या आजी-आजोबांसाठी डीव्हीडी, हे त्यांचं काम. त्या म्हाताऱ्या माणसांना लिंक नको असते. रिमोटवर नंबर दाबला की नातवंड दिसलं पाहिजे. म्हणून एडिटिंग करताना काका प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला खूण ठेवायचे, चॅप्टर मार्कर. मग त्या बत्तीस खुणांच्या वेळा वहीत उतरवून डिस्क बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा हाताने टाइप करायचे. माणसांत बसायला मिळायचं ते या एका कामामुळे, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मी मंडळाचा सेक्रेटरी, त्यातून सॉफ्टवेअरवाला. मला ते बघवेना.

"काका, एक्सपोर्ट करताना इथे टिक करा, मार्कर आपोआप जातात. यंदा डिस्क मी बनवतो."

"खरंच? केवढे उपकार हो!" त्यांनी पेन ड्राइव्ह आणून दिला, सोबत सुवाच्य अक्षरातली यादी. "मेनूवर ही नावं टाका हं, सेक्रेटरीसाहेब. मार्करमध्ये मी आपलं माझ्यापुरतं काहीबाही लिहितो."

फाइल उघडली. वेळा आल्या आणि ते काहीबाहीही आलं. यादीत 'नाट्यगीत' तिथे 'मांजर अडकलं'. यादीत 'समूहनृत्य' तिथे 'कवायत'. मी हसून हसून बेजार झालो. एकही शब्द खोटा नव्हता. घरी जाताना आम्हीही हेच बोलायचो, फक्त टाइप करत नव्हतो. मग एकतिसावी खूण आली. आठवडाभर खपून लिहिलेलं माझं आभाराचं भाषण. 'सेक्रेटरी सुटला. कापता येईल?'

डोकं फिरलं. यादी बाजूला सारली, मेनू आहे तसा ठेवला आणि चाळीस डिस्क काढल्या. त्याला चूक म्हणायची सोय नाही.

डिस्क देशात पोचल्या. नवव्या नंबरवर एक सहा वर्षांची मुलगी होती, आई मराठीत बोलली तरी जपानीत उत्तर देणारी. आईने तीन महिने घोकून घेतलेली कविता तिने न चुकता म्हटली होती. तिच्या आजीचा पुण्याहून फोन आला, "अगं, नऊ नंबरवर 'जपानी पोपट' लिहिलंय. पोपटाचं नाटक होतं का?"

मंडळाची तातडीची बैठक झाली. ती आई रडली. "केवढा आतल्या गाठीचा माणूस!" सगळे म्हणाले. "मार्करमधली नावं सॉफ्टवेअर आपोआप घेतं," एवढंच मी बोललो, आणि ते खरंच होतं. काकांना पुन्हा बोलवायचं नाही असं ठरलं. कळवायचं काम सेक्रेटरीचं. मी मेसेज पाठवला, सुरुवातीला 'कृपया' घालून.

माफी मागायची तर मिठाईचा बॉक्स घेऊन दारी जायचं, ही इथली रीत. काका रविवारी सूट घालून घरोघर फिरले. काहींनी दार उघडलं नाही. त्या मुलीच्या आईने इंटरकॉमवरूनच बॉक्स खाली ठेवायला सांगितला.

माझ्या दारात ते कमरेत वाकून उभे राहिले.

"तुमच्याकडे आधी यायला हवं होतं. डिस्क तुम्ही बनवली म्हणून लोक तुम्हालाही बोल लावतील, अशी भीती वाटली. सगळ्यांना सांगून आलोय, नावांची यादी तुम्हाला द्यायला मीच विसरलो."

ते सरळ झाले, तेव्हा मी त्यांच्या टायकडे बघत होतो. आत या म्हणायला हवं होतं. मी दोन्ही हातांनी बॉक्स घेतला आणि म्हणालो, "असू दे, काका. होतं असं."

पुढच्या महिन्यात ते ओसाकाला गेल्याचं कळलं. मिठाई चांगली होती. आम्ही दोन दिवसांत संपवली.