भैरोबाचं वाहन

मच्छिंद्र वाकचौऱ्याची जीप येतेय हे राजूरच्या बाजारात आधी कुत्र्यांना कळायचं, मग माणसांना. जीपचा मूळचा हॉर्न कुठल्या लढाईत कामी आला देव जाणे. त्या जागी मच्छिंद्रनं रबरी फुग्याचा पितळी पोंगा बसवला होता. फुगा एका अंगानं फाटका होता, त्यामुळं दाबला की 'भ्वॉक' असा आवाज निघायचा, आणि बाजारातली झाडून सारी कुत्री उत्तर द्यायला उभी राहायची.

जीप मिलिटरीच्या लिलावातली. तीन वर्षं एसटीत क्लीनर म्हणून ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्यावर, आता खायच्याच तर स्वतःच्या गाडीच्या पायी खाऊ, असा विचार करून मच्छिंद्रनं ती घेतली. तिचा स्वभाव मोठा विचित्र. डांबरी रस्त्यावर चढवली की खोकायची, थरथरायची आणि चार फर्लांगांत बंद पडायची. पण जंगलातला दगडधोंड्यांचा चढ दिसला की अशी उधळायची, की विचारता सोय नाही. मच्छिंद्र म्हणायचा, "खानदानी हाय ती. खड्ड्याबिगर तिला करमत न्हाई."

त्याचं जन्मगाव करवंदवाडी, राजूरवरून पाच मैल वर, अख्खी वाट जंगलातून. लग्नानंतर तो खाली राजूरला राहायला आला. आई, बनुबाई, वरच राहिली. "म्हशीला खालचं पानी मानवत न्हाई," असं ती म्हणायची. म्हशीला कुणी विचारलं नव्हतं. बनुबाईचे गुडघे कधीच कामातून गेले होते. घरातून गोठ्यापर्यंत जायचं तरी तीन वेळा टेकावं लागायचं. पण आठवड्यातून एकदा मच्छिंद्र जीप घेऊन वर यायचा, आईला पुढच्या सीटवर बसवायचा आणि राजूरच्या बाजाराला आणायचा. तिथं ती फार काही घ्यायची नाही. बांगडीवालीशी भांडायची, भेळ खायची, ओळखीच्या दहा बायकांच्या सुनांची चौकशी करायची आणि पुढचे सहा दिवस त्यावर काढायची. म्हातारीचं आयुष्य त्या एका दिवसावर चाललं होतं, आणि हे मच्छिंद्रला पक्कं ठाऊक होतं.

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर जंगलाच्या तोंडाशी एक आडवं लाकूड आलं आणि शेजारी पाटी आली : 'या रस्त्यावर वाहनांस सक्त मनाई आहे. हुकमावरून.' चाकांनी रस्ता उखडतो आणि नवी रोपं चिरडतात, असं वन खात्याचं म्हणणं. ते अगदीच खोटं होतं असंही नाही. लाकडापाशी यशया पारखे नावाचे गार्ड बसले. संगमनेरकडचे, ख्रिस्ती, उंचेपुरे, आणि नियमाला इतके पक्के की स्वतःची सायकलसुद्धा 'वाहन' म्हणून लाकडाच्या अलीकडं ठेवून पलीकडं पायी जायचे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मच्छिंद्रनं त्याच दिवशी समिती काढली. 'जंगल रस्ता खुला ठेवा समिती.' अध्यक्ष तो स्वतः, चिटणीस राधाकृष्ण शिंपी, कारण त्याच्याकडं टेबल होतं. मोर्चा निघाला. मोर्चात अकरा माणसं होती, त्यातली चार वाट चुकून आलेली आणि एक राधाकृष्णकडं पायजमा मागायला आलेला. "रस्ता आमच्या हक्काचा, न्हाई कुनाच्या बापाचा!" असं ओरडत सगळे लाकडापाशी गेले. यशयांनी शांतपणे सगळ्यांना माठातलं पाणी पाजलं. पाणी प्यायल्यावर ओरडायला कसंसंच वाटायला लागलं आणि मोर्चा परतला.

मग अर्ज गेले. एक, दोन, पाच. दोन महिने बनुबाई वर अडकून पडली होती. मच्छिंद्र दर आठवड्याला पायी वर जायचा, भेळ पुडीत बांधून न्यायचा. तो पोचेपर्यंत तिचा लगदा व्हायचा. बनुबाई ती न बोलता खायची. आईनं न बोलता काही केलं, असं आजवर झालंच नव्हतं.

पाचव्या अर्जाला उत्तर आलं. राधाकृष्णनं ते टेबलावर पसरून मोठ्यानं वाचलं : 'कळविण्यात येते की, करवंदवाडी येथील भैरोबा देवस्थानाच्या जुन्या वहिवाटीनुसार देवाची पालखी व देवाचे वाहन यांस सदर रस्ता खुला राहील. इतर कोणत्याही वाहनास परवानगी मिळणार नाही.'

"संपलं," राधाकृष्ण म्हणाला.

"संपलं कुठं? सुरू झालं!" मच्छिंद्र उभाच राहिला. "देवाचं वाहन म्हंजे देवाची गाडी. आपली जीप देवाला वाहून टाकू. झाली देवाची!"

दोघं तडक यशयांकडं गेले. यशयांनी कागद दोनदा वाचला.

"देवाचं वाहन म्हणजे नेमकं कोणतं?" त्यांनी विचारलं. "मला यातलं ठाऊक न्हाई. आमच्या देवळात असं काही नसतं. पुजाऱ्याकडून लिहून आणा."

मच्छिंद्र पाच मैल चढून बन्सी गुरवाकडं गेला. बन्सी सरळमार्गी माणूस. काय लिहायचं ते नीट समजून न घेता, जे खरं ते त्यानं लिहून दिलं : 'भैरोबाचे वाहन कुत्रे आहे. सही, बन्सी गुरव.' मच्छिंद्रला वाचता यायचं बेताचंच. त्यानं कागद मोठ्या आनंदानं यशयांच्या हातात ठेवला.

"ठीक," यशया म्हणाले. "कुत्र्याला सोडतो."

राधाकृष्णनं कपाळावर हात मारून घेतला. मच्छिंद्र मात्र जीपकडं बघत राहिला. बराच वेळ बघितल्यावर म्हणाला, "राधाकिसन, तुझ्याकडं खाकी कापड हाय का रं?"

पुढचे दोन दिवस शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे कपडे पडून राहिले. राधाकृष्णनं खाकीचे दोन हातभर लांब कान शिवले, आत गोणपाटाचं अस्तर घालून. ते काचेच्या चौकटीला बांधले. मागं काथ्याच्या दोरखंडाची शेपटी आली. पुढच्या दिव्यांभोवती काजळीची वर्तुळं काढली आणि बॉनेटखाली तांबड्या फडक्याची जीभ सोडली. मच्छिंद्रच्या बायकोनं, रंगुबाईनं, हे ध्यान दारात उभं बघितलं आणि ती दोन दिवसांसाठी माहेरी निघून गेली.

जीप लाकडापाशी आली. यशया उठले, टोपी नीट केली आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता तिच्याभोवती एक फेरी मारली.

"हे काय हाय?"

"कुत्रं."

"भुंकतं का?"

"भ्वॉक!" जीप म्हणाली.

"शेपूट हलवतं का?"

मच्छिंद्रनं इंजिन चालू केलं. मागचा पत्रा मूळचाच खिळखिळा, त्यामुळं शेपटी अशी काही हलली की दोरखंडाचे धागे उडाले. तेवढ्यात यशयांचा स्वतःचा कुत्रा, मोत्या, झोपेतून उठून आला. त्यानं जीपच्या मागच्या बाजूला जाऊन मन लावून हुंगलं, थोडा विचार केला आणि चाकावर पाय वर केला.

यशयांनी हे सगळं बघितलं. "मोत्या परक्या जनावराजवळ जात न्हाई," ते म्हणाले. "पण वाहन रिकामं हाय. देव कुठाय?"

"देवाला आनायलाच चाललोय वर," मच्छिंद्र बोलून गेला.

"मग येताना दाखवा." यशयांनी लाकूड उचललं.

वर गेल्यावर बनुबाईनं जीप बघितली. ती इतकी हसली की तिला भिंतीला धरून बसावं लागलं. दोन महिन्यांचं हसू साठलं होतं ते सगळं निघालं. मग नवं लुगडं नेसून ती पुढच्या सीटवर चढली, एका हातानं जीपचा कान धरून बसली. मच्छिंद्रला आनंदाच्या भरात पुढचं आठवलंच नाही. आठवलं ते लाकूड समोर दिसल्यावर.

"देव दाखवा," यशया म्हणाले.

देवळातली मूर्ती उचलून आणायची म्हणजे बन्सीनं कोयताच काढला असता. मागं फिरायचं म्हणजे आईला पुन्हा त्या घरात नेऊन ठेवायचं. मच्छिंद्रनं आईकडं बघितलं. म्हातारी आधीच बाजाराच्या दिशेनं मान लांब करून बसली होती.

"हीच," तो म्हणाला. त्याला एवढंच सुचलं, आणि त्याचे डोळेही भरून आले. "माझी आई हाय. गुडघे गेलेत तिचे. माझ्यापुरता देव म्हना न्हाईतर काय बी म्हना, गार्डसाहेब, पन तिला बाजार दाखवायचाय."

"मेल्या, मला कुत्र्यावर बसवून वर देव म्हंतोस?" बनुबाई कडाडली.

"देव म्हणून मी लिहिणार न्हाई," यशया म्हणाले. "माझा देव एकच. पण त्यानंच सांगितलंय, आईबापाचा मान राख. त्याच्यात वाहनाची अट न्हाई." त्यांनी नाक्याची वही उघडली आणि टाक बुडवून सावकाश लिहिलं.

"काय लिवलंस रं?" बनुबाईनं विचारलं.

यशयांनी वाचून दाखवलं : "कुत्रे एक, आई एक. बाजारास गेले."

"आन् कुत्र्याचं नाव आधी व्हय?"

यशयांनी टोपी काढली. लिहिलेली ओळ खोडली आणि खाली पुन्हा लिहिलं : 'आई एक, कुत्रे एक. बाजारास गेले.' मग त्यांनी लाकूड वर उचललं आणि बनुबाई बांगडीवालीशी भांडायला खाली गेली.