पल्याडचा काठ
तुमसरच्या बाजारात सुकटीचा वास आला की मला ती भाड्याची गाडी आठवते. गोव्यात मासेमारीच्या बोटीवर कामाला गेलेला माझा धाकटा भाऊ समुद्रात पडला आणि सापडलाच नाही. पाणी कर्नाटकाकडे ओढतं, असं बोटीवरच्यांनी सांगितलं, म्हणून बाबांनी आणि मी गोव्याला जाऊन एका दिवसासाठी गाइडसकट गाडी केली आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं हद्द ओलांडून कारवारला गेलो. गाइडला काहीच ठाऊक नव्हतं. तो हौसेनं देवळं, पूल, दीपगृह दाखवत होता. सुकत घातलेल्या मासळीच्या वासात वाळूवर उतरल्यावर बाबा म्हणाले, "भाऊ, ते राहू दे. याचा पल्याडचा काठ कोनीकडे हाय? तिकडं ने आमाले." आमच्या करडी गावच्या तलावात बुडालेलं माणूस वारा नेईल त्या काठाला लागतं, तेवढ्याच भरवशावर बाबा इतक्या लांब आले होते. "काका, समुद्राला कुठला आलाय पलीकडचा काठ!" गाइड हसला. बाबा पाण्याकडे बघत राहिले. "मंग माहं पोरगं लागन कोठी?" परतीच्या वाटेवर गाइडनं काहीच दाखवलं नाही. अजूनही वारा सुटला की बाबा आमच्या तलावाच्या पल्याडच्या काठावर जाऊन उभे राहतात, आणि कायले जाता, असं घरात कोणी विचारत नाही.