विल्फ्रेडकडून राहिलेली एक ओळ

विल्फ्रेड डाबरे वसईचा. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीचे कॉम्प्युटर तो सांभाळायचा, आणि सांभाळण्यापेक्षा मिरवायचा जास्त. २००९ साली मंदीने कंपनीचे कंबरडे मोडले, नवी खरेदी बंद झाली. तेव्हा याने भंगारात काढलेल्या एका कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी फुकटातले लिनक्स चढवले, तेही अगदी हलके, नको ते सगळे काढून टाकलेले. मशीन धावू लागले. स्वारी आठवडाभर हवेत होती.

ते मशीन गेले सुहासिनी करंदीकरांच्या टेबलावर. पन्नाशीच्या बाई, अल बर्शाला राहायच्या, ग्राहकांच्या मेलना उत्तरे द्यायच्या. नवऱ्याची नोकरी जानेवारीतच गेली होती, त्यामुळे सगळे घर आता बाईंच्या पगारावर. आणि त्यांचे मेल रोज सकाळी पासवर्ड विचारू लागले.

"अरे विल्फ्रेड, काल मी 'लक्षात ठेवा'वर टिक केली होती रे."

"केली असती तर विचारलं नसतं, मॅडम. तुम्हीच विसरता."

त्याने स्वतःच्या मशीनवर करून पाहिले होते, तिथे सुरळीत चालत होते. मग चूक कुणाची? बाईंचीच! बाई ओशाळून पुन्हा पासवर्ड टाकायच्या. एकदा घाईत त्यांनी तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला, मेल बंद पडले आणि एका मोठ्या ग्राहकाला उत्तर गेलेच नाही.

मॅनेजरने विल्फ्रेडला बोलावले. "मशीन में प्रॉब्लेम है या मॅडम में?"

"मशीन एकदम ठीक है, सर. मॅडम से नहीं होता."

गुरुवारी बाईंच्या हातात महिन्याच्या नोटिशीचे पत्र पडले.

त्याच दुपारी तो त्यांच्या फायली उतरवून घ्यायला बसला, आणि आपले काय राहिले ते त्याला दिसले. पासवर्ड जपून ठेवणारा एक छोटा प्रोग्राम असतो. भरल्या संसाराच्या लिनक्सवर तो आपोआप सुरू होतो, आणि विल्फ्रेडच्या मशीनवर तेच होते. हलक्या लिनक्सवर मात्र तो सुरू करायची एक ओळ हाताने लिहावी लागते. ती त्याने लिहिलीच नव्हती. बाई रोज इमानाने टिक करत होत्या आणि पासवर्ड जपायला तिथे कुणी नव्हतेच. त्याने ओळ लिहिली. दोन मिनिटांचे काम. लाजेने कान तापले, पण कुणाला काही न सांगता तो पुन्हा फायली उतरवू लागला.

दुबईची शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली आणि रविवारी बाईंचे मेल पासवर्ड न विचारता उघडले.

"विल्फ्रेड, जमलं रे मला!" बाई लहान मुलीसारख्या हरखल्या. "सरांना सांगून बघू या का? तू ये ना बरोबर. तुझं ऐकतील ते."

तो गेला. केबिनमध्ये बाई उभ्या, हा त्यांच्या शेजारी. मॅनेजरने त्याच्याकडे पाहिले. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते.

"सर, मॅडम अब सीख गई हैं," विल्फ्रेड म्हणाला.

"खलास, मॅडम. नोटिसवालों की लिस्ट ऊपर जा चुकी है."

बाहेर येऊन बाईंनी डोळे टिपले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू माझ्यासाठी शब्द टाकलास. एवढं कुणी करत नाही रे."